दोनशे रुपयांतला आठवडा

सोमवार, २० जानेवारी २००३

तांदळात अळ्या निघाल्या. पांढऱ्या, बारीक, वळवळणाऱ्या. मागच्या महिन्यात निघाल्या असत्या तर डबा सरळ कचऱ्यात पालथा केला असता. आज परात घेऊन खिडकीशी बसले आणि एकेक वेचून काढली. भात शिजला. खाताना प्रत्येक घास बोटांनी चिवडून बघत होते. तात्यांना, सासऱ्यांना, एवढं बारीक आता दिसत नाही. ते सुखाने जेवले.

बँक बुडाली आहे. पण 'बुडाली' म्हणायचं नाही. हे म्हणतात, 'निर्बंध आले' म्हणायचं. शनिवारी पेपरात आलं — खातेदाराला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील. एक हजार! ह्यांच्या व्हीआरएसचे सगळे पैसे तिथे. तीन वर्षांपूर्वी कंपनीने हार घातला, चेक दिला आणि घरी पाठवलं. तो चेक होता तसा ह्या बँकेत गेला, कारण इतरांपेक्षा दीड टक्का व्याज जास्त. त्या व्याजावर आमचं घर चालत होतं.

आज हे चार तास रांगेत उभे राहून आपले हजार घेऊन आले. त्यातून लाईटचं बिल, तात्यांच्या गोळ्या, सोसायटीचा मेंटेनन्स. उरलेल्या दोन नोटा माझ्या हातावर ठेवल्या. पुढच्या सोमवारी तात्यांचं पोस्टातलं व्याज येईल, तोवर ह्यात भागव म्हणाले. तीन माणसं, एक आठवडा, दोनशे रुपये. मी नोटांकडे बघत राहिले तर म्हणतात, "अशी काय बघतेस? लोक ह्याच्यापेक्षा कमीत जगतात."

जगत असतील. कसे, ते त्यांना विचारायला हवं.

तात्यांना काही सांगायचं नाही. त्यांचेही चाळीस हजार तिथेच आहेत. ब्याऐंशीव्या वर्षी धक्का सोसणार नाही, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून पेपर बंद केला आणि पेपरवाला गावाला गेलाय असं सांगितलं. पूर्वालाही सांगायचं नाही. पोरीला बंगलोरला सॉफ्टवेअर कंपनीत लागून दोन महिने झालेत. कळलं तर असतील नसतील तेवढे पाठवून देईल आणि स्वतः उपाशी राहील.

मंगळवार, २१

साखर संपली. संक्रांतीचे तिळाचे लाडू डब्याच्या तळाशी राहिले होते, दगडासारखे. ते चहात टाकून उकळले. वर तीळ तरंगायला लागले, त्यांच्याभोवती तेलाचा तवंग. मी श्वास रोखून प्यायले. हे म्हणाले, वेगळी चव आहे. तात्यांनी कप तोंडापर्यंत नेला, आत बघितलं आणि खाली ठेवला. "शर्मिला, ह्यात काहीतरी मेलंय."

दुपारच्या आमटीत मूठभर डाळ, बाकी पाणी. हळद आणि हिंग जरा सढळ घातला, म्हणजे निदान वास तरी आमटीचा यावा. तात्यांनी वाटी हलवून बघितली आणि विचारलं, ही प्यायची आहे की हात धुवायची? मी म्हटलं, डॉक्टरांनी तुम्हाला हलकं जेवायला सांगितलंय. म्हणाले, "हलकं सांगितलं. अदृश्य नाही सांगितलं."

हसू आलं. मग त्या हसण्याचाच राग आला. म्हाताऱ्या माणसाला फसवून पाणी पाजायचं आणि वर हसायचं.

बुधवार, २२

मुळ्याचा पाला. सकाळी भाजी, संध्याकाळी तोच आमटीत. घरभर वास. खिडकी उघडली तर वरच्या मजल्यावरची अंडाकरी आत आली. बंद केली.

गुरुवार, २३

परवा सोसायटीत ठेवीदारांची समिती झाली. सेक्रेटरी — हे! आमच्या इथल्या बारा घरांनी ह्यांच्या शब्दावर त्या बँकेत पैसे ठेवले होते. घरी बसल्यापासून ह्यांना दुसरा उद्योगच नव्हता. जिन्यात माणूस भेटला की दीड टक्क्याचं गणित समजावून सांगायचे. मला वाटलं होतं, आता लोक दारात येऊन शिव्या देतील. तर उलटंच झालं. तुमचेही गेले तरी आमच्यासाठी धावता, असं म्हणून ह्यांनाच पुढे केलं. हे रोज सकाळी बँकेच्या दारात धरणं धरायला जातात, दुपारी उन्हाने लाल होऊन येतात. आल्यावर ताटावर बसत नाहीत. तुम्ही दोघं जेवा, मला भूक नाही म्हणतात. मला वाटायचं, माणूस आपल्या वाटचं आम्हाला देतोय.

आज शर्ट धुवायला घेतला. कांदाभज्यांचा वास. खिशाजवळ तेलाचा डाग, बोटं पुसल्यासारखा. आणि मी दोन दिवस पाला चघळते आहे! खरी किळस कशाची आली सांगू? भज्यांची नाही. तो शर्ट नाकाशी धरून मी मोरीत उभी राहिले, किती वेळ कोण जाणे, आणि तोंडाला पाणी सुटलं — त्याची.

संध्याकाळी तळमजल्यावरच्या चंपाताई आल्या. त्यांचा नवरा बजरंग ह्यांच्याच कंपनीत होता, ह्यांच्या हाताखाली. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकने गेला. त्याच्या फंडाचे एक लाख दहा हजार ह्यांनीच त्या बँकेत ठेवायला लावले. बाईंना लिहिता येत नाही, तर फॉर्मसुद्धा ह्यांनी भरला. आता त्या एका पाळणाघरात मुलं सांभाळतात. दार उघडलं तेव्हा मनात म्हटलं, आता निमूट ऐकून घ्यायचं. तर त्यांनी पदराखालून ताट काढलं. ज्वारीच्या तीन भाकरी आणि लसणाची चटणी. मी नको नको करत होते. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमचंबी गेलं, माझंबी गेलं. आता आपन एकमेकीला लाजायचं व्हय?"

तात्यांनी दीड भाकरी खाल्ली. चटणी जहाल. मी ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्ली, ताट वाढून घ्यायचा धीर नव्हता.

शुक्रवार, २४

मंडई उठायच्या वेळेला चला, स्वस्त मिळतं, असं चंपाताई म्हणाल्या. मंडई मला नवी नाही. पण मी जाते ती सकाळी, टवटवीत भाजी निवडून, वर कोथिंबीर फुकट मागून. संध्याकाळची मंडई वेगळीच. पायाखाली कोबीचा पाला आणि टोमॅटोचा चिखल, दर पावलाला चप्पल चिकटून सुटायची. गोणपाटावर वाटे मांडलेले — सुरकुतलेली वांगी, काळा पडलेला फ्लॉवर, फुटलेले टोमॅटो. आंबूस वास असा की डोक्यात जातो. मी पदर नाकाला लावला. वासासाठी थोडा, कुणी ओळखेल म्हणून जास्त. चंपाताई खाली बसून एकेक टोमॅटो दाबून बघत होत्या. आधी माझ्या पिशवीत टाकायच्या, मग स्वतःच्या.

येताना त्या पाळणाघरातलं सांगत होत्या. सगळी कॉम्प्युटरवाल्यांची पोरं. डब्यात चीज लावलेलं सँडविच आणतात, एक घास खातात आणि ठेवून देतात. त्याच्यावर एवढ्या एवढ्या दातांचे ठसे. मी पटकन विचारलं, मग ते उरलेलं कुठे टाकता? चंपाताईंनी माझ्याकडे बघितलं आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. माझ्याच प्रश्नाची शिसारी आली.

बेकरीतून खारीचा चुरा घेतला, आठ रुपयांत पिशवीभर. तात्या खूश. दुधात — म्हणजे आमच्या घरी सध्या ज्याला दूध म्हणतात त्यात — कालवून खाल्ला. मी घेतला तर आत केस. लांब, मेंदी लावलेला. तो ओढून काढला आणि चुरा खाल्ला.

शनिवार, २५

तात्यांचं पोट बिघडलं. ते टोमॅटोच असणार, कालच्या वाट्यातले. पहाटेपासून चालू. धोतर, चादर, गादी, संडासापर्यंतची फरशी. तोंडाला टॉवेल बांधून सगळं काढलं आणि मोरीत जाऊन ओकले. तात्या भिंतीकडे तोंड करून पडलेले. तुला त्रास, एवढंच म्हणाले.

डॉक्टरांना बोलवा म्हटलं. हे म्हणाले, घरी यायचे दीडशे घेतात, ते कुठून आणू? लिंबू-साखर-मीठ पाज. म्हटलं, साखर संपून चार दिवस झाले. म्हणाले, मग नुसतं मीठ पाज. आणि टोपी घालून धरण्याला निघून गेले! बाप असा पडलेला असताना.

चंपाताई कामावर गेल्या नाहीत. त्यांच्याकडच्या चांगल्या तांदळाची पेज करून आणली. जुलाबावरची पावडर आणली, म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात रांग लावून. चमच्या चमच्याने पाजत बसल्या. मी बाजूला नुसती बसून. दुपारी तात्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. चंपाताई खाली गेल्यावर त्यांनी विचारलं, "शर्मिला, घरात काय झालंय?"

काही नाही म्हटलं.

"मग आपण असं का खातोय?"

मी पांघरूण नीट केलं.

रविवार, २६

सोसायटीत झेंडावंदन झालं, मग जिलबी. कागदी बशीत दोन-दोन, गरम, पाक बोटांवर उतरतोय इतकी ताजी. मी तुकडा मोडला. तेवढ्यात ह्यांनी बशी माझ्या हातातून काढून घेतली आणि परातीत परत ठेवली. सगळ्यांच्या देखत. मोठ्याने म्हणाले, "बारा घरांचे पैसे सुटेपर्यंत आमच्या घरात गोड नाही."

मग कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. दिगंबरराव मास्तर पुढे आले आणि ह्यांचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. त्यांची पेन्शनीतून साठवलेली सगळी रक्कम गेली आहे. डोळे भरून आले होते त्यांचे. मागे चंपाताई होत्या. त्यांनी आपली बशी न खाता खाली ठेवली.

मला त्या वेळी अभिमान वाटायला हवा होता बहुतेक. मला जिलबी हवी होती. बोटाला लागलेला पाक चाटला, तोही वळून, कुणाला दिसू नये म्हणून.

दुपारी पूर्वाचा फोन. कॅन्टीनचं जेवण म्हणजे शिक्षा आहे म्हणाली, रोज तोच पिवळा भात. आज काय केलं होतंस विचारलं. म्हटलं, श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी. "मज्जा आहे तुमची!" म्हणाली. आहेच.

सोमवार, २७

आज आठवडा संपला. तात्यांना ताजी पालेभाजी द्यावी म्हणून सकाळी उरलेली चिल्लर घेऊन मंडईत गेले. तिथे एक माणूस मफलरने तोंड गुंडाळून मेथी घेत होता. मी ओळखलंच नसतं, त्यानेच 'वहिनी' म्हणून हाक मारली. बँकेतला संपत, काउंटरवर बसायचा तो. ह्यांच्या चांगल्या ओळखीचा. म्हणाला, लोक रस्त्यात अडवतात, परवा एकाने कॉलर धरली, म्हणून असं तोंड लपवून फिरतो. मला दया आली. म्हटलं, तुमचा काय दोष? आमचंही सगळं त्यात गेलं, आम्ही तुम्हाला काही बोललो का?

त्याने मफलर जरा खाली ओढला. मग अगदी हळू म्हणाला, "वहिनी, माझ्यासमोर कशाला? साहेबांच्या ठेवी मीच मोडून दिल्या की गुरुवारी. निर्बंध आले शुक्रवारी."

मी मेथीची जुडी धरून उभी. माझा चेहरा बघून तो घाबरला. त्याला वाटलं होतं, मला माहीत असणारच. कुणाला सांगू नका, नोकरी तर जाणारच आहे, निदान मार नको, असं म्हणून हात जोडले आणि गर्दीत शिरला. मेथी परत ठेवली. घरी कशी आले आठवत नाही.

हे धरण्याला निघायच्या तयारीत होते. मी दार लावून घेतलं आणि विचारलं. आधी म्हणाले, संपत खोटारडा आहे. मग म्हणाले, हळू बोल, तात्या ऐकतील. मग पलंगावर बसले आणि टोपी मांडीवर घेऊन सांगायला लागले. संपतने बुधवारी संध्याकाळी कानावर घातलं होतं. गुरुवारी जाऊन सगळ्या ठेवी मोडल्या. चार लाख. बचत खात्यात तेवढे मुद्दाम थोडे ठेवले, रांगेत उभं राहिलेलं लोकांना दिसावं म्हणून. आणि चार लाख टाकले सरकारी बँकेत — माझ्या खात्यात! मी शिकवण्या घ्यायचे तेव्हाचं ते खातं. त्यात माझे शे-सव्वाशे रुपये पडून आहेत, म्हणून मी तिकडे वर्षभरात फिरकले नाही. हे त्यांना ठाऊक.

मी म्हटलं, चंपाताईंना एका शब्दाने सांगायचं होतं. म्हणाले, तिच्या पोटात राहिलं नसतं. तात्यांचे का नाही काढले? म्हणाले, त्यांची सही लागली असती, आणि ते सगळीकडे बोलले असते. सगळ्यांना सांगितलं असतं तर बँकेच्या दारात झुंबड उडाली असती आणि कुणालाच दमडी मिळाली नसती. "पूर्वाच्या लग्नाचे आहेत ते. मी काय माझ्यासाठी काढले?"

मग हा आठवडा? तो पाला, त्या अळ्या?

"बारा घरांचं आपल्याकडे लक्ष आहे, शर्मिला. आपल्या घरातून तुपाचा वास आला असता तर लोकांनी मला जिन्यात गाठून मारलं असतं. थोडे दिवस कळ काढायची होती फक्त."

कळ मी काढायची. भजी त्यांनी खायची. आणि तात्या तसे पडलेले असताना, चार लाख बँकेत असताना — नुसतं मीठ पाज!

सव्वीस वर्षं झाली लग्नाला. ह्या पानांतसुद्धा मी कधी त्यांचं नाव लिहिलं नाही. 'हे'च म्हणत आले. आज लिहिते. अभय. अभय म्हणाला. अभय खोटं बोलला. लिहिता येतं की.

संध्याकाळी चंपाताई भाकरी घेऊन आल्या. मी घेतल्या. दिवसभर पोटात काही नव्हतं. तात्यांना अर्धी कुस्करून दिली, एक मी खाल्ली. अभयनेही एक घेतली. चटणी नाही का विचारलं.

मंगळवार, २८

सकाळी सरकारी बँकेत गेले. खिडकीतल्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघून आकडा सांगितला, वर गोड हसली. माझी सही, अभयचे पैसे. पाचशे काढले आणि तशीच डॉक्टरांना घेऊन घरी आले. त्यांनी तात्यांना तपासलं. आता ठीक आहेत, अशक्तपणा आहे, नीट खायला घाला म्हणाले. मी मान हलवली.

चंपाताई कामावरून आल्यावर खाली गेले. कालचं त्यांचं ताट घासून बरोबर घेतलं होतं. त्या भाकरी थापत होत्या. बसा म्हणाल्या, मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, संपतपासून माझ्या खात्यापर्यंत. मध्ये थांबले असते तर पुढे सांगता आलं नसतं. त्यांचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, फुगल्यावर काढली. मग गॅस बंद केला.

"तुमाला कवा कळलं?"

"काल सकाळी."

"आन् काल सांजच्याला माझी भाकरी घेतली?"

"घेतली."

त्यांनी हातावरचं पीठ परातीत झटकलं. मी म्हटलं, खातं माझ्या नावावर आहे, तुमचे एक लाख दहा हजार मी उद्या काढून देते. बँक सुटली की मला परत करा. माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं त्यांनी.

"माझं पैसं बँकेत हायेत. बँक देईल तवा घेईन. तुमचं तुमी ठेवा."

माझ्या हातातून ताट घेतलं आणि दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

जिना चढताना स्वतःच्या तोंडाची चव नकोशी झाली. कालच्या भाकरीची चव. आल्यावर दोनदा दात घासले.

बुधवार, २९

गच्चीवर समितीची सभा. सकाळीच अभयला सांगितलं होतं — तुम्ही बोला, नाहीतर मी बोलेन. बोलतो म्हणाला. उठला, घसा खाकरला, आणि प्रकृतीच्या कारणामुळे सेक्रेटरीपदाचा राजीनामा देतो म्हणाला!

प्रकृतीच्या कारणामुळे! लोक तर कळवळलेच. धावपळीने तब्येत गेली म्हणे माणसाची. दिगंबरराव म्हणाले, असं आहे तर निदान हार तरी आणायला हवा होता. अभयने हात जोडले. तो हात जोडलेला चेहरा मला बघवेना.

मी उठले. ह्या सभांना बायका सहसा नसतात. आज मी होते आणि कठड्याला टेकून चंपाताई होत्या. त्यांनी दिवसभरात कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं, ते सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून मला तिथे कळलं. मी चार वाक्यं बोलले. कोणत्या दिवशी काढले, किती काढले, कुणाच्या नावावर आहेत, आणि हे मला परवा कळलं. संपतचं नाव घेतलं नाही. आवाज माझाच होता पण दुसरीच कुणी बाई बोलतेय असं वाटत होतं.

मारलं नाही कुणी. आरडाओरडाही नाही. एकाने फक्त विचारलं, आदल्या दिवशी आम्हाला एक फोन का नाही केला? अभय म्हणाला, सगळ्यांना सांगितलं असतं तर... आणि तिथेच थांबला. पुढचं वाक्य घरात चांगलं जमलं होतं, गच्चीवर जमलं नाही. मग दिगंबरराव त्याच्याजवळ आले. शांतपणे म्हणाले, "जरा उठता का? ही खुर्ची आमच्या घरची आहे."

अभय उठला. त्यांनी खुर्ची मिटली, काखेत मारली आणि जिना उतरायला लागले. त्यांच्यामागे बाकीचे. चंपाताई शेवटी गेल्या, माझ्याकडे न बघता.

गुरुवार, ३०

तात्यांना सगळं सांगितलं. ते उठून बसले. मग विचारलं, "माझे नाही काढले त्याने?" नाही म्हटलं. "हं," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, उद्यापासून पेपर सुरू कर.

अभय येरवड्याला बहिणीकडे गेला. थोडे दिवस, म्हणाला. जाताना तात्यांच्या खोलीत डोकावला नाही. मी कपड्यांची बॅग भरून दिली, थांब म्हटलं नाही.

किराणा भरला. चांगला तांदूळ, तुरीची डाळ, साजूक तूप, पिठं. घट्ट वरण केलं, भातावर तूप वाढलं. तात्या पोटभर जेवले. मी ताट घेऊन बसले आणि तशीच उठले.

पूर्वाला फोन करायला हवा. कुठून सुरुवात करू?

शुक्रवार, ३१

सकाळी दार वाजलं. चंपाताई. हातात रिकामी वाटी, नजर माझ्या खांद्यावरून आत भिंतीवर. म्हणाल्या, "वहिनी, पीठ हाय का ज्वारीचं, वाटीभर? दळान आनायचं राहिलंय."

होतं. मी वाटी शिगोशीग भरली. त्यांनी वरचं जास्तीचं बोटाने सपाट करून माझ्या डब्यात परत पाडलं, आणि वाटी घेऊन जिना उतरल्या.